संकटात देवाशी भांडावं कसं

चर्चमध्ये दुःखी माणसाला सगळ्यांत जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे 'विश्वास ठेवा, प्रभू सगळं नीट करील.' सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण रात्री अडीच वाजता कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर पडलेल्या माणसाला प्रश्न पडतो तो निराळाच. विश्वास ठेवायचा म्हणजे आत्ता, या घटकेला, करायचं काय? 'माझा विश्वास आहे' असं घोकत राहायचं? रडू गिळायचं? की रविवारी काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं उपासनेला जाऊन बसायचं?

पवित्र शास्त्र यावर बरंच कामाचं काही शिकवतं. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. तक्रार, रडगाणं, जाब विचारणं, सगळं त्यांत आहे. आपल्या उपासनेत त्यांतली वाचतो किती? २३, ९१, १०३, १२१, आणि पुन्हा २३. जनाबाईनं विठ्ठलाला खडे बोल सुनावले ते याच मराठीत, आणि आपण ख्रिस्ती मंडळी मात्र देवापुढं साहेबाच्या केबिनमध्ये रजेचा अर्ज घेऊन उभं राहिल्यासारखे उभे असतो. देवापाशी तक्रार घेऊन जाणाऱ्याला तो ऐकतो याची खात्री असते, म्हणून तर तो जातो. मला काळजी वाटते ती तक्रारसुद्धा करायची सोडून दिलेल्या माणसाची.

सुरुवात १३ व्या स्तोत्रापासून करा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' चार वेळा येतं. कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, कोठवर मी मनातल्या मनात कुढायचं, कोठवर वैऱ्यानं माझ्यावर शिरजोर व्हायचं. पुढच्या दोन वचनांत मागणी येते: माझ्याकडे बघ, उत्तर दे, डोळ्यांत तेज आण. मागणीला कारणही जोडलेलं आहे, नाहीतर मी मरेन आणि वैरी म्हणेल की मी जिंकलो. शेवटच्या दोन वचनांत 'मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे' हे येतं. चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये परिस्थिती बदललेली नाही, वैरी होता तिथंच आहे. भरवसा बोलला गेला तो तक्रार पुरती सांगून झाल्यावर, हा क्रम ध्यानात ठेवा. आपण नेमकं उलटं करतो. पाचव्या वचनावर थेट उडी मारतो आणि पहिली चार पोटात ठेवतो. मग ती पोटातली तक्रार बायकोवर, पोरांवर, नाहीतर पाळकसाहेबांवर निघते.

हाच साचा धरून स्वतःची प्रार्थना लिहिता येते. साधी वही घ्या, दिवसा लिहा, पंधरा मिनिटांच्या वर बसू नका. पहिली ओळ देवाला नावानं हाक मारण्याची. त्याच्या खाली तक्रार, आणि ती नाव-गावासकट. 'आर्थिक अडचणी आहेत' असं लिहू नका. 'फौंड्रीतली दुसरी पाळी बंद झाली, पतसंस्थेचा हप्ता दहा तारखेला आहे, आणि तू गप्प आहेस' असं लिहा. मग मागणी, तीही एकच आणि नेमकी. मग कारण, म्हणजे देवा तू हे का करावंस. तुझं नाव, तुझं वचन, तू मागं काय केलंस, काहीही आठवेल ते. शेवटी भरवशाची ओळ. ती जेवढी खरी म्हणता येईल तेवढीच लिहायची. मार्कच्या ९ व्या अध्यायातल्या बापानं आजारी मुलासाठी येशूपुढं उभं राहून, माझा विश्वास आहे आणि माझ्या अविश्वासाला मदत कर, असं एका दमात म्हटलं. येशूनं त्याला परत पाठवलं नाही, मुलाला बरं केलं.

भरवशाची ओळ निघतच नसेल तर जागा कोरी ठेवा. ८८ वं स्तोत्र वाचून बघा, अठरा वचनांत एकही आनंदाचं वळण नाही, अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात आहे, कुणी शेवटी दोन गोड ओळी चिकटवल्या नाहीत. आणि तेही सुरू होतं ते देवाला 'माझ्या तारणाऱ्या' म्हणूनच.

या लिहिण्यात काही गोष्टी हटकून बिघडतात. एक, तक्रार देवावरून घसरून जावेवर किंवा थोरल्या भावावर जाते आणि चार पानं त्यातच भरतात. तसं झालं तर प्रत्येक वाक्याच्या आधी 'हे परमेश्वरा' लिहायचं, गाडी आपोआप रुळावर येते. दुसरं, मागणीचा नवस होतो: 'एवढं झालं की चर्चला दोन पंखे देईन.' शास्त्रातल्या हन्नानं मुलासाठी नवस केला होता हे खरं, पण इफ्ताहानंही लढाई जिंकण्यासाठी केला होता आणि त्यात पोटची पोर गेली. संकटाच्या भरात बोललेला शब्द पुढं दुसऱ्यांना भोगायला लावतो, त्या दिवसांत नवस नको. तिसरं, राग. ६९ व्या आणि १०९ व्या स्तोत्रात वैऱ्यांना शाप आहेत, वाचताना अंगावर काटा येतो. ते तिथं असण्याचा एक उपयोग दिसतो. सूडाची सगळी इच्छा देवाच्या हवाली झाली की दगड हातात घ्यायची गरज उरत नाही. कागदावर लिहा, व्हॉट्सअॅपच्या फॅमिली ग्रुपवर नको.

रात्री मात्र नवं काही लिहायला जाऊ नये. दोन ते चारच्या वेळेला मन सगळं वाढवून दाखवतं. त्या वेळेला दुसऱ्यानं लिहिलेलं, छापलेलं, मोठ्यानं वाचावं. सहावं स्तोत्र, जिथं अंथरूण आसवांनी भिजलं आहे. सत्त्याहत्तरावं, जिथं झोप लागत नाही याचा ठपका सरळ देवावरच ठेवलेला आहे. वाचता येत नसेल, चष्मा नसेल, डोळ्यांपुढं अक्षरं नाचत असतील, तर पाठ असलेली प्रभूची प्रार्थना. तीही जमली नाही तर रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात प्रेषित पौलानं सांगून ठेवलं आहे की काय मागावं ते आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा शब्दांत न येणाऱ्या कण्हण्यानं आपल्यासाठी विनंती करतो. ते २६ वं वचन. लोक घाईनं सांगायला येतात ते २८ वं, सगळं मिळून कल्याणच होतं, हे. खरं आहे ते, पण पौलालाही तिथं पोचायच्या आधी कण्हण्यातून जावं लागलं. मयतीच्या घरात पहिल्या आठवड्यात २६ पुरे.

आता शरीराचं. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून 'माझा जीव घे' म्हणतो. देवानं त्याला बोधवचन पाठवलं नाही. आधी झोप, मग दूतानं उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. मग चाळीस दिवसांची वाट चालून होरेब, आणि देवाचा प्रश्न त्यानंतर. आमच्याकडं पेशंटजवळ बसणारी आई किंवा सून तीन-तीन दिवस चहा-बिस्किटांवर काढते, वर उपवास-प्रार्थनाही धरते. दवाखान्यात बसणाऱ्यानं उपवास धरू नये, तो मंडळीतल्या घरी बसलेल्यांनी धरावा. रात्री थांबणाऱ्यांच्या पाळ्या कागदावर लिहून भिंतीला लावा, एका माणसाला सलग दोन रात्री नकोत.

औषधांबद्दल तर स्पष्टच सांगितलं पाहिजे. प्रार्थना झाली म्हणून गोळ्या बंद करणं याला विश्वास म्हणू नये. फिटच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर फिट उलटून येते, कधी एकामागून एक येतात आणि जिवावर बेततं. टीबीचा साधा कोर्ससुद्धा किमान सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला थांबला, 'प्रभूनं बरं केलं' म्हणून औषध सोडलं, की जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि घरातल्या पोरांनाही तेच हट्टी जंतू लागतात. मनाच्या आजाराच्या, साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांचं तेच. कमी करायच्या असतील तर डॉक्टर ठरवतील. याकोबाच्या ५ व्या अध्यायात आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे, जरूर बोलवा. पण त्याच शास्त्रात पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, आणि त्याचा सोबती लूक वैद्य होता. आपल्या भागात तर हे वेगळं समजावायची गरज पडू नये. १८५२ साली रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले, त्यांचं काम पुढं अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडं गेलं, आणि त्याच मिशनची माणसं मिरजेत दवाखाना घेऊन बसली. डॉ. वॉन्लेसांचं मिरजेचं रुग्णालय १८९४ सालचं. प्रार्थना करणाऱ्यांनीच ऑपरेशन थिएटर बांधलं.

मग प्रार्थना करूनही बरं वाटलं नाही तर? इथं 'तुमचा विश्वास कमी पडला' हे वाक्य येतं, आणि एवढं क्रूर वाक्य दुसरं नाही. पौलाच्या हातचे रुमाल नेऊन लोक बरे झाले असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. त्याच पौलानं आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला. स्वतःच्या देहातल्या काट्यासाठी त्यानं तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही, 'माझी कृपा तुला पुरे' एवढं उत्तर मिळालं. गेथशेमाने बागेत येशूनंही तीनदाच मागणी केली आणि दुःखाचा प्याला टळला नाही. तिथं विश्वास कुणाचा कमी पडला होता? कुठल्याही प्रार्थनासभेत तीन गोष्टी बघाव्यात: औषध सोडायला सांगतात का, प्रार्थनेचे पैसे मागतात का, बरं न झाल्याचा दोष आजाऱ्यावर टाकतात का. तिन्हींपैकी एक जरी दिसली तर चप्पल घालून निघावं.

दोष शोधायची खोड जुनी आहे. 'घरात काहीतरी असणार', 'वाडवडिलांचं भोगतायत', आणि हळू आवाजात 'करणी'. येशूच्या शिष्यांनीही जन्मांध माणसाकडं बघून हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? उत्तर मिळालं, दोघांचंही नाही. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती का, याचंही उत्तर त्यानं 'नाही' असंच दिलं. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद, सोफर, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर उत्तम चाललं होतं. तोंड उघडलं आणि घोटाळा झाला. शेवटी देवानं ठपका ठेवला तो या शुद्ध बोलणाऱ्या मित्रांवर. देवाशी मनाला येईल तसं बोललेल्या ईयोबाला त्यानं 'माझा सेवक' म्हटलं. आणखी एक बघा. ईयोबाच्या पुस्तकात देव ३८ ते ४१ असे चार अध्याय बोलतो, पण पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय घडलं ते ईयोबाला शेवटपर्यंत सांगत नाही. कारण कळल्यावरच भरवसा ठेवीन असं ठरवलं तर बहुतेकांना तो कधीच ठेवता येणार नाही.

पुराचं बोलल्याशिवाय कोल्हापुरात हा विषय पुरा होत नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोका पातळी. पावसाळ्यात हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही वर्षी पाणी धोका पातळीच्या कितीतरी वर गेलं. सुतारवाडा, प्रयाग चिखली, आंबेवाडीतल्या लोकांनी घरं सोडली. पुढच्या रविवारी चर्चमध्ये साक्षीची, म्हणजे देवानं काय केलं ते सांगायची, वेळ येते आणि कुणीतरी उठून सांगतं, 'आमच्या दारापर्यंत पाणी आलं आणि थांबलं, प्रभूनं राखलं.' मागच्या बाकावर ज्याच्या घरात छातीभर पाणी होतं तो बसलेला असतो. त्यानं काय समजायचं, प्रभूनं त्याला राखलं नाही? आभार मानायचेच आहेत, पण ते घरच्या प्रार्थनेत माना, आणि मंडळीत त्याऐवजी त्याच्या घरी चिखल काढायला किती वाजता येताय ते सांगा.

त्या रविवारी उपासना चालवणाऱ्यानं ६९ वं स्तोत्र काढावं. पहिलीच तीन वचनं म्हणजे पूरग्रस्ताचा जबाब आहे. पाणी गळ्याशी आलंय, खोल चिखलात रुततोय, पाय टेकायला जागा नाही, हाका मारून घसा कोरडा पडला, देवाची वाट बघून डोळे शिणले. हे सगळ्यांनी उभं राहून एकत्र वाचायचं. मग दोन मिनिटं शांतता, घड्याळ लावून दोन मिनिटं, कारण चालवणाऱ्याला वीस सेकंदांतच अवघडल्यासारखं होतं आणि तो गाणं सुरू करतो. मग ज्यांचं नुकसान झालं त्यांची नावं घेऊन प्रार्थना. टाळ-तबल्यावरचं जोरकस स्तुतिगीत एक रविवार मागं ठेवलं तर स्वर्गात कुणी रागावणार नाही. आणि घोषणांच्या वेळेला हेही सांगून टाकावं की चिखल काढण्याआधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे, भिजलेल्या सामानाचे फोटो काढा, पंचनाम्याला लागतात. झाडून-पुसून लख्ख केलेल्या घरात पंचनामा करणाऱ्याला दाखवणार काय?

भेटीला जाताना दोघांनी जावं, पंधरा-वीस मिनिटं बसावं. 'प्रार्थना करू का?' असं विचारून करावी, नको म्हटलं तर राग मानू नये. प्रार्थनेत उपदेश घुसवू नये. 'हे प्रभू, या बहिणीला समजू दे की...' ही प्रार्थना देवाला उद्देशून नसते, हे त्या बहिणीला बरोबर कळतं. डबा नेलात तर परत न करायच्या डब्यात न्या. 'काही लागलं तर सांगा' यावर कुणी काही सांगत नाही, म्हणून ठरलेलं काम विचारा: पोरांना उद्या शाळेत सोडू का, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडं मी जाऊन येऊ का? महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार लागतं, अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आणि ही चौकशी भरती होतानाच केलेली बरी, बिल हातात पडल्यावर नव्हे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी असतात, तेही विचारायचं असतं, आपणहून कुणी सांगत नाही. एकमेकांची ओझी वाहा असं गलतीकरांस लिहिलं आहे, आणि ओझ्यात रांगेत उभं राहणंही येतं.

दफनविधीला गर्दी होते, पहिले आठ-दहा दिवस घर भरलेलं असतं. मग सगळे आपापल्या कामाला. खरा रितेपणा तिथून सुरू होतो. कॅलेंडरवर खुणा करून ठेवा: एक महिना, तीन महिने, गेलेल्याचा वाढदिवस, पहिला नाताळ. त्या दिवशी फोन करा आणि गेलेल्याचं नाव घेऊन बोला. नाव काढलं तर दुःख होईल म्हणून लोक टाळतात, पण घरच्यांना ते नाव ऐकायचं असतं. कुणी जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल तर 'असं पाप बोलू नका' म्हणून गप्प करू नका. जीव द्यायचं मनात येतं का, असं सरळ विचारा, एकटं सोडू नका, १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर फोन लावून द्या. मराठीत बोलता येतं.

एक गोष्ट मात्र या सगळ्यातून वेगळी काढली पाहिजे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'आपला क्रूस उचल, सहन कर, प्रभू त्याला बदलेल' असं सांगणारी वडीलधारी माणसं अजून आहेत. पौलानं दिमिष्कात टोपलीत बसून भिंतीवरून पळ काढला, फटके मारायला बांधलं तेव्हा रोमी नागरिकत्व दाखवलं, न्याय मिळेना तेव्हा कैसराकडं दाद मागितली. टळण्यासारखं दुःख त्यानं टाळलं. तिला आधी सुरक्षित जागी न्या. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडं तक्रार करता येते. प्रार्थना तिथं पोचल्यावर करा. नवऱ्याशी बोलायचं असेल तर मंडळीच्या वडिलांनी बोलावं, तिला समोर बसवून नाही.

लहान मुलांना मोठी माणसं घाईत काहीबाही सांगून टाकतात. 'देवाला आजी फार आवडली म्हणून त्यानं नेली' हे ऐकलेलं पोर पुढं कितीतरी रात्री देवाला आपली आई आवडू नये म्हणून जागतं. 'झोपली' म्हटलं तर झोपायला घाबरतं. सरळ सांगावं: आजीचं शरीर आजारी होतं, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, ती वारली, ती आता परत येणार नाही, आम्हालाही रडू येतं. आपल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेपाशी येशूही रडला, तेवढं सांगायला हरकत नाही. का, असं विचारलं तर 'मला माहीत नाही' हे उत्तर चालतं. रात्रीच्या प्रार्थनेत त्याला त्याच्या शब्दांत बोलू द्यावं. 'देवा, मला तुझा राग आलाय' असं म्हणालं तर दटावू नये, शेवटी त्याच्याबरोबर आमेन म्हणावं आणि पांघरूण घालून दिवा थोडा वेळ चालू ठेवावा, कारण बहुतेक ते पाच मिनिटांत आणखी एक प्रश्न विचारायला उठतंच.